चर्चपुढच्या अंगणाबाबत

लिहून ठेवणार मी, धंद्याने सुतार, वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारलेली, मुले दोन. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलाला तो पुरेसा वाटत नसेल तर त्याने माझ्यापुढे एखादी फळी धरावी. ती कुठे वाकली आहे हे मी अजून नुसत्या नजरेने सांगतो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते.

कलम एक. राहते घर मुलाला. स्वयंपाकघराची खिडकी मात्र बुजवू नये. ती चर्चच्या बाजूला उघडते. त्याची आई भांडी घासता घासता तिथून गायनाचा सराव ऐकायची आणि कुणाचा सूर चुकला की खिडकीतूनच सांगायची. चर्चमधले तिला घाबरून असत, फादरसुद्धा.

कलम दोन. सुतारखाना, रंधे, पटाशा, करवती आणि गुण्या मुलीला. मुलीच्या हातात रंधा शोभत नाही असे म्हणणारे बरेच होते. आता कपाटाचे दार बसेनासे झाले की तेच तिला बोलवायला येतात. मुलाने या कलमावर तोंड वाकडे करू नये, त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही.

कलम तीन. चर्चमधले बत्तीस बाक मी केलेले आहेत, पण माझे नाहीत, त्यामुळे कुणाला देता येत नाहीत. त्यांची हकीकत तेवढी नोंदवून ठेवतो. माझे नुकतेच लग्न झाले होते. फादर म्हणाले, “बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, एवढं बघ.” मी बायकोला सुतारखान्यात खोक्यावर बसवून माप घेतले. ती साडेचार फूट. यात काही चुकते आहे हे माझ्या लक्षात यायला बत्तीस बाक पुरे व्हावे लागले. पहिल्याच रविवारी उंच पोस्टमनचे गुडघे हनुवटीला लागले. फादर हसले, म्हणाले, “राहू दे. सगळ्यांना जरा खाली बसायची सवय होईल.” घरी आल्यावर बायको म्हणाली, “अख्ख्या चर्चमध्ये मी एकटीच नीट बसते. कुणाला सांगू नका हं.” आज पहिल्यांदा सांगतो आहे.

कलम चार. माझा धाकटा भाऊ, गवंडी. त्याच्याशी मी अकरा वर्षे बोललेलो नाही. चर्चच्या छपराचे वासे मी बदलले होते आणि कौले त्याने बसवली होती. एका पावसात वेदीवर पाणी गळले. तोवर रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, फादर धरून चौदा माणसे उरली होती. बिशपांच्या कार्यालयाचे पत्र आले की इमारत धोक्याची आहे, बंद करावी. शेवटच्या मिस्सानंतर फादरांनी वेदीजवळचा अखंड तेवणारा दिवा स्वतः विझवला. कुणाला उठावेसे वाटेना. बाहेर अंगणात आल्यावर मी सगळ्यांदेखत धाकट्याला म्हणालो, “तुझ्या हातानं चर्च बंद पडलं.” तो काही बोलला नाही.

चार वर्षांपूर्वी शिडी लावून मी वर चढलो. त्याचे एकही कौल फुटलेले नव्हते. खालचा वासा वाकला होता आणि तो माझा होता. काम लवकर उरकायच्या नादात मी ओले लाकूड घातले होते. खाली उतरलो आणि गप्प बसलो. धाकट्याला देण्याजोगे माझ्याकडे ही कबुलीच आहे, ती लेखी देतो. चूक माझी होती.

कलम पाच. चर्चची जागा आजोबांनी कागद करून दिली होती, पुढचे अंगण मात्र नुसते तोंडी. त्यामुळे ते वारसाने माझ्या नावावर आले, आणि त्याखेरीज आत जायला वाट नाही. माझे लग्न, दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे, बायकोची शवपेटी, सगळे याच अंगणातून आत गेले. रविवारी मी अजून धुतलेला शर्ट घालतो आणि मग कुठे जायचे ते आठवत नाही. चर्च बंद झाल्यावर गाद्यांचा व्यापारी गोदामासाठी आला, कुणी सभागृहासाठी आले. बिशपांचे कार्यालय इमारत द्यायला तयार होते. मी फाटकाला कुलूप घातले आणि म्हणालो, चर्च म्हणून उघडणार असाल तर या. मला वाटे मी राखण करतो आहे. आत भिंती ओलावल्या आणि सातव्या बाकाला वाळवी लागली.

गेल्या महिन्यात प्राथमिक शाळेच्या बाई आल्या. त्यांचे वर्ग गॅरेजच्या माडीवर भरतात आणि ती माडी या सत्राअखेर सोडायची आहे. छप्पर दुरुस्त करून चर्चची इमारत शाळेला द्यायला कार्यालय तयार आहे, अडले आहे ते माझ्या फाटकापाशी. सोबत तिसरीतली मुले होती. मी नाइलाजाने दार उघडले. मुले पळत जाऊन बाकांवर बसली. बाई म्हणाल्या, “यांचे पाय टेकतात हो. आमच्याकडे लोंबकळत असतात.” मी बाहेर येऊन उभा राहिलो, कारण मला रडू आले.

तरी माझ्यामागे अंगण शाळेला द्यावे. आत पाढे म्हटले तरी मला चालेल. मुलाने ते विकायला काढू नये.

सहीपूर्वीची दुरुस्ती. वरील मजकूर मुलीने वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून तिने मला न विचारता धाकट्याला बोलावून आणले होते. कलम चार ऐकून तो म्हणाला, “वासा ओला होता, मला तेव्हाच ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू मोठा. आणि अंगणात सगळे उभे होते.”

मग त्याने कलम पाच पुन्हा वाचायला लावले आणि विचारले, “म्हणजे पोरांनी शाळेत जायला तू मरायची वाट बघायची?”

सबब कलम पाच रद्द करीत आहे. अंगण आत्ताच शाळेला देण्याचे बक्षीसपत्र वकीलबाईंनी लिहायला घेतले आहे. फाटकाचे कुलूप आजच काढले. अंगण आता माझे राहिले नाही, आणि जे माझे नाही ते मरताना देता येत नाही.

ठिकाण: सुतारखाना
तारीख: नऊ ऑक्टोबर, सोमवार
सही: सुतार
साक्षीदार एक: डॉक्टर
साक्षीदार दोन: गवंडी, सुताराचा सख्खा भाऊ