गर्डरचं दुसरं टोक

४ फेब्रुवारी
इतिहासात नोंद असावी म्हणून लिहितो — आज सकाळी माझ्या दाढीच्या ब्रशातून प्लॅस्टरचा पापुद्रा निघाला. येळ्ळूरसारख्या मोर्चेबाज गावातही या अत्याचाराविरुद्ध कुणी घोषणा देणार नाही! कारण काय, तर लेकीचा, आरोहीचा साखरपुडा घरात करायचा. म्हणून मधली भिंत पाडून हॉल मोठा. भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर, त्याच्यावर आरोहीची खोली. हट्ट कुणाचा? माझाच.

६ फेब्रुवारी
मच्छेहून गर्डर आला. आठ जणांनी उचलला, अख्ख्या गल्लीने सल्ला दिला. आण्णाप्पा गवंडी तंबाखू मळत म्हणाला, “एक टोक हिकडच्या भिंतीत, दुसरं मालूकाकूच्या. झालं!”
मालूकाकू माझी चुलती. पलीकडच्या घरात एकटी राहते. भिंत सामायिक, बोलणं बंद. आप्पा, माझे वडील, मरेपर्यंत सांगत — “भावाचं घर माझ्या पायावर उभं हाय. फुकट!” मीही हे काकूला दोनदा ऐकवलंय.

७ फेब्रुवारी
निपाणीचा इंजिनिअर आला. नाव अभिनंदन. तिशीही नाही, आणि चप्पल बाहेर काढून आत येतो — इतका नम्र, की किळस यावी.
आण्णाप्पा म्हणाला, “जुना पाया हाय सायेब. हत्ती उभा करा.”
“हत्ती चार पायांवर उभा राहतो. भिंत वजन पसरून देत होती, गर्डर ते दोनच ठिकाणी टाकणार. खणून बघू.”
मी ऐटीत म्हटलं, “पाच फूट काळा दगड आहे. आप्पांनी घातलेला.”
“बघितलाय कुणी?”

९ फेब्रुवारी
बघितला. आमच्या टोकाला दीड फुटावर लाल माती! वर विटांचे तुकडे आणि एक फुटकी बशी. हा आप्पांचा पाच फूट काळा दगड. आण्णाप्पा खड्ड्यात थुंकला — “हितं शेळीबी उभी ऱ्हायची न्हाय.” निर्लज्ज! परवा हत्ती आणला होता यानंच.
न खणता गर्डर चढवला असता तर? वर आरोही झोपते. 
या टोकाला आता रुंद काँक्रीट भरायचं. दुसरं टोक बघायला काकूच्या घरातून खणायला हवं. “तुम्ही विचारून या,” अभिनंदन म्हणाला. मीच का!

१० फेब्रुवारी
गेलो नाही.

११ फेब्रुवारी
गेलो. उंबऱ्यापाशी घुटमळलो.
“आत ये की रं. पावणा हाईस व्हय?”
तिच्या भिंतीलगत खणलं. तीन फूट, चार, पाच — काळा दगड, चुन्यात बसवलेला. आण्णाप्पाची तंबाखू तोंडातच राहिली. काकू वाकून बघत होती.
“तुझ्या काकानं तुमच्या विहिरीवर आठ दिवस पैऱ्यानं राबला. बदल्यात तुझा आप्पा हितं आठ दिवस खणायला येणार हुता. आला न्हाय. मग मी उतरले. पोटुशी हुते.”
“कधी बोलली न्हाईस काकू?”
“बोलायचं काय? भिंत पडली न्हाय, बास की.”
मग म्हणाली, “टाक तुझा गर्डर. पोरीचं कार्य हाय.”

१२ फेब्रुवारी
इतके दिवस या वहीत जगाची किळस लिहीत बसलो. आमची भिंत चाळीस वर्षं तिच्या खणण्यावर उभी, आणि उपकार मी तिला ऐकवले. शी!

२८ फेब्रुवारी
गर्डर बसला. टेकू काढले. वर आरोहीच्या खोलीत केसाएवढीही भेग नाही.

२ मार्च
काकूला परड्यात मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा हवाय. माणूस बघत होती. मी रजा टाकली, कुदळ घेऊन गेलो. तिने दुपारी भाकरी वाढली. तळहाताला चार फोड. पैऱ्याचा आज एक दिवस झाला. उरले सात.