पुलावरचं दुसरं कुलूप

पावणे,
६ जानेवारी २०२५

प्रिय पुतळाआत्यास,
अस्मिताचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले तर बाबांना सगळं कळेल, म्हणून पत्र. लग्नाची तयारी जोरात आहे. अश्विन चांगला आहे गं. द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर आहे, कमी बोलतो. पण आता त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलंय. इथं खाडीवरच्या पुलाच्या जाळीला जोडपी आपापल्या नावांची कुलपं लावतात आणि किल्ली पाण्यात टाकतात. प्रेम पक्कं राहतं म्हणे. त्यानं आमची नावं कोरून कुलूप आणलंय. एकोणीस तारखेला लावायला जायचं आहे.

कसं सांगू तुला? त्याच जाळीला माझं एक कुलूप आधीच आहे, रूपेशच्या नावाबरोबर. तोच जासईचा. दोन्ही घरांनी नको म्हटलं, आम्ही दोघांनीही निमूट ऐकलं, गेल्या वर्षी त्याचं लग्नही झालं. कुलूप तेवढं राहिलं. रोज वाटतं, करवत घेऊन जावं आणि कापून टाकावं. काय करू?

तुझीच,
अस्मिता

महाड,
११ जानेवारी

चि. अस्मितास,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा वाल सोलत होते. ते तसेच राहिले. अगं, कुलूप लावतात ते चोर शिरू नये म्हणून. पुलावर कसला चोर?

करवत नेऊ नकोस. कुणी धरलं तर तुझ्या बाबाला, मारोतीला, पोलीस ठाण्यात यावं लागेल, आणि माझा भाऊ तिथं तुझ्याआधी रडेल. पुलावर चढायच्या आधी अश्विनला स्वतःच्या तोंडानं सांग. चिडेल, कदाचित लग्नही मोडेल. मोडलं तर इकडे ये, माझं घर आहे. पण लपवून संसार मांडलास तर जन्मभर त्या रस्त्यानं जाताना मान फिरवशील.

काय झालं ते लगेच लिही. मी रोज दाराशी बसते.

तुझी काळजी वाहणारी,
आत्या

पावणे,
३ फेब्रुवारी

प्रिय आत्यास,
सविनय जयभीम.

एकोणीसला पुलापाशी रिक्षातून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं. त्यानं कुलूप कुठं आहे ते विचारलं, जाऊन नीट वाचलं, स्वतःचं कुलूप खिशात टाकलं आणि मला घरी सोडलं. मग फोन नाही, मेसेज नाही. तेवढ्यात त्याचे वडील पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. बाबा खूश! मी मात्र घरभर फिरत होते. लग्न ठरलेलं आणि नवरा मुका, हे मला सोसेना. हाफ डे टाकून थेट द्रोणागिरी गाठली.

गोदामासमोरच्या टपरीवर बसलो. म्हणाला, रूपेशचा राग नाही. पण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या त्यालाच नव्हतं, त्याची लाज वाटली. मी म्हटलं, आता हवं ते विचार. त्यानं विचारलं, रूपेशची आठवण येते का. येते कधी कधी, म्हटलं. मग म्हणाला, लग्न बाबांसाठी करते आहेस का. मी सांगितलं, होकार दिला तो बाबांसाठीच, पण आज इथं आले ती माझी मी.

मग पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, आता तू विचार. आत्या, सुपारी फुटल्यापासून मी त्याला त्याच्याबद्दल एक गोष्ट विचारली नव्हती गं! सुरुवात केली, तर टपरीवाल्यानं बाकडी उचलली तरी माझे प्रश्न संपेनात.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
अस्मिता