लग्नाची तारीख आणि जहाजावरचा सहावा

प्रिय मेहुणे यांस,

तुमच्या एकुलत्या एका भाऊजींचा, घरापासून अकरा महिन्यांच्या वाटेवरून, सप्रेम नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय ते लक्षात ठेवा. मी बरा आहे, म्हणजे शुक्रवारपर्यंत तरी बरा असेन. त्यानंतर मला जहाजाबाहेर फेकणार आहेत.

रागावू नका, नीट सांगतो. आमच्या या मालवाहू अवकाशजहाजावर माणसं पाच: कॅप्टन, डॉक्टरीणबाई, इंजिनवाला, स्वयंपाकी आणि मी, पाण्याच्या नळांचा मिस्त्री. रोज सकाळी कॅप्टन भोंग्यावरून हजेरी घेतात आणि जो तो आपापल्या कामावरून 'हजर' म्हणतो. (मी बहुधा एखाद्या टाकीत डोकं घालून म्हणतो.) गेल्या आठवड्यात सोमवारी सहा जण 'हजर' म्हणाले. कॅप्टननी मात्र शांतपणे वहीत सहा लिहिलं आणि स्वयंपाक्याला सहा ताटं मांडायला सांगितलं, कारण वही आणि ताटं जुळली पाहिजेत असा त्यांचा कडक नियम आहे. सहावं ताट रोज चाटूनपुसून साफ होतं. खाताना कोणी पाहिलेलं नाही.

बुधवारी कपडे वाळत घालायच्या दोरीवर कॅप्टनची कातडी सापडली. मिशीसकट. खुद्द कॅप्टन आमच्या शेजारीच उभे होते, त्यांनाही मिशी होती, आणि 'हे इथे कोणी वाळत घातलं' म्हणून ते आमच्यावरच डाफरले. दुसऱ्या दिवशी इंजिनवाल्याची मिळाली, तीही गुंडी लावून नीट घडी घातलेली. (इंजिनवाल्यानं आयुष्यात कधी काही घडी घातलेलं नाही, त्यामुळे ती त्याची नाही हे लगेच कळलं.) म्हणजे सहावा कोणाचंही रूप घेतो आणि कंटाळा आला की उतरवून ठेवतो. आता आमच्यातला खरा कोण, हा प्रश्न आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नोकरीच्या अर्जात लिहिलेली घरची माहिती प्रत्येकाला विचारा, जो चुकेल तो सहावा. बाकी सगळे धडाधड पास झाले. स्वयंपाक्यानं तर सासूचं वजनही सांगितलं, ते कोणी विचारलं नव्हतं.

मला फक्त लग्नाची तारीख विचारली. मी म्हणालो, उन्हाळा होता बहुतेक, मला फार घाम आला होता. तेव्हापासून बटाट्यांच्या कोठारात बंद आहे. भीती वाटते हो, खरंच वाटते.

तुमच्या ताईंना, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांभाळा.

आपला,
भाऊजी

ता. क. बिनतारी पत्र पोचायला एक दिवस लागतो, उत्तर यायला एक. तेव्हा लग्नाची तारीख उलट टपाली कळवा. ताईंना अजिबात विचारू नका. त्यांना कळण्यापेक्षा मला बाहेर फेकलेलं परवडेल.

ता. क. दुसरा. आता तारखेची घाई नाही. कोठाराच्या झरोक्यातून सहाव्यानंच ती सांगितली, माझ्याच आवाजात, पण जरा जास्त प्रेमळपणे. मी ती कॅप्टनना सांगितली आणि सुटलो. तुला कशी माहीत, असं विचारलं तर म्हणाला, ताईंची सतरा पत्रं वाचून. (त्यांचं प्रत्येक पत्र 'आठवतं का' असं सुरू होतं आणि मला काही आठवत नाही, म्हणून मी एकही उघडलं नव्हतं. याचं आता फार वाईट वाटतं.) त्यानं माझ्या नावानं सगळ्या पत्रांना उत्तरंही पाठवलीत. ताईंचं कालचं पत्र मला वाचायला दिलं. त्यात लिहिलंय, चौदा वर्षांत पहिल्यांदा माणसात आलात, लवकर घरी या.

ता. क. शेवटचा. तो सहावाही माझ्याबरोबर घरी येतो म्हणतोय. पुढच्या वर्षी दारात दोन भाऊजी उभे दिसले, तर काहीही विचारा, पण लग्नाची तारीख विचारू नका. कुलूप उघडल्याच्या आनंदात मी ती लिहून घ्यायला विसरलो.