भोंगा, डिकी आणि सतरा वह्या

तीर्थरूप आक्का,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. (उजवा जास्त रुसला आहे असे कळले, म्हणून त्याला आधी.) इकडे आम्ही सर्व ठीक. हिचा खोकला गेला, माझी कंबर आली. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना, डोळ्यांत औषध घालायला कोणी येते ना, वगैरे सगळे विचारायचे आहे, पण आक्का, आज माझ्याने धीर धरवत नाही. गाडी वाचली! भाऊजींची गाडी, तू माझ्या हातात किल्ली ठेवून दिलेली, ती आज सकाळी एका किल्लीत सुरू झाली, आणि भंगारवाला दोर गुंडाळून हात हलवत परत गेला! आता पहिल्यापासून सांगतो. चष्मा पुसून घे.

गेले तीन आठवडे गाडी रोज सकाळी मेलेली असायची. संध्याकाळी धडधाकट आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसते 'टक्'. बॅटरी रिकामी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, अठ्ठावीस वर्षांची गाडी आहे, आतल्या वायरी कुजल्या असणार. कुठेतरी शॉर्ट आहे. उद्या पेट घेईल." मी म्हटले, पेट घेण्याचे वय तिचेही गेले आणि माझेही. त्यावर त्याने शेवटचे सांगून टाकले, की शनिवारी भंगारवाला येईल. त्याच्यासमोर किल्ली चिरंजीव स्वतः फिरवणार, एकदाच. सुरू झाली तर राहील, नाही तर दोर बांधायचा. (हा मुलगा लहानपणी खडूचा तुकडासुद्धा टाकू द्यायचा नाही. कुठून शिकला कोण जाणे.)

आक्का, मी त्या रात्री जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही. त्या गाडीत भाऊजी तुझ्या फाटकाशी येऊन दोनदा भोंगा वाजवायचे आणि तू पदराला हात पुसत बाहेर यायचीस, हे चित्र मी दोराला बांधून कसे नेऊ देऊ? तेव्हा ठरवले, शॉर्ट मीच शोधायचा.

पद्धत सोपी आहे. बॅटरीची एक तार सोडवायची, आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब लावायचा. गाडीतले सगळे बंद असताना बल्ब पेटला, तर समजावे की कोणीतरी चोरून वीज पितो आहे. मग फ्यूज एकेक करून काढायचे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या घरात. मी बॅटरी चार्ज करून आणली, बल्ब लावला, आणि आक्का, तो पेटला! मंद, लाजरा, पण पेटला! मी एवढ्याने ओरडलो की ही आतून धावत आली. तिला वाटले मला शॉक बसला.

आता कोणता फ्यूज कशाचा, हे मला तोंडपाठ. तुला आठवत असेल, गाडी नवी होती तेव्हा मी फ्यूजांची कविता केली होती. शाळेत आपण नद्या, डोंगर, पाढे, सगळे चालीवरच पाठ केले. चाल लागली की माणूस विसरत नाही, हे तूच मला अंगणात फेऱ्या मारत शिकवलेस. ती कविता मी सुवाच्य अक्षरात लिहून फ्यूजच्या झाकणाच्या आत चिकटवली होती:

पहिला पुढल्या दिव्यांचा, दुसरा मागल्या दिव्यांचा,
तिसरा काच पुसणारा, चौथा गार गार वाऱ्याचा,
पाचवा गातो रेडिओ, सहावा इशारा वळणाचा,
सातवा भोंगा गर्जणारा, आठवा दिवा हा डिकीचा!

मोठ्याने म्हणत मी फ्यूज काढत गेलो. पहिला काढला, बल्ब तसाच. दुसरा, तसाच. सहाव्यापर्यंत माझा आवाज चढत गेला, शेजारचे आजोबा गॅलरीत येऊन उभे राहिले. सातवा काढला आणि बल्ब विझला! 'भोंगा गर्जणारा!' मी जवळजवळ नाचलो. चोर सापडला, आणि तो तर घरातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस निघाला.

मग दोन दिवस मी भोंगा खोलला. त्याची वायर शोधत स्टिअरिंगच्या चाकापर्यंत गेलो, चाकाकडून परत आलो. भोंगा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडला. (ही जेवायला स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी.) भोंगा स्वच्छ, वायर शाबूत, आणि तिकडे बल्ब मात्र पेटलेलाच! भोंगा गाडीत नाही, टेबलावर आहे, आणि तरी वीज पितो आहे. आक्का, माझा विज्ञानावरचा विश्वास उडाला.

शुक्रवारी हार मानून ठिणगीला बोलावले. ठिणगी म्हणजे आमच्या इथला गाड्यांच्या वायरिंगचा कारागीर, सगळे त्याला याच नावाने ओळखतात. पन्नाशीचा, बोलतो कमी, कानामागे कायम स्क्रूड्रायव्हर. त्याने झाकण उघडले आणि थबकला.

"आजोबा, हे काय चिकटवलंय?"

"कविता."

"फ्यूजवर?"

"फ्यूजचीच."

त्याने ओठ हलवत सगळी वाचली. "छान आहे," म्हणाला. "काढू?"

आणि नखाने अलगद सोलली. खाली काय असावे? कंपनीचा छापील तक्ता! मी कविता नेमकी त्याच्यावरच डकवली होती. सातवा, डिकीचा दिवा. आठवा, भोंगा. अगं, 'वळणाचा'ला यमक जुळेना म्हणून मी तेव्हा सातव्याला आठव्या जागी बसवले असणार! अठ्ठावीस वर्षे ती चूक चालीत म्हणत आलो.

"आजोबा, भोंगा कुठंय?"

"जेवणाच्या टेबलावर."

"सगळा?"

"बहुतेक."

तो उठला आणि डिकीकडे निघाला. मी त्याच्या पुढे धावलो. कारण, आक्का, डिकीत माझ्या सतरा वह्या होत्या. शाळेपासूनच्या, उतरवून घेतलेल्या आणि माझ्या स्वतःच्या कवितांच्या. खोलीला रंग द्यायचा म्हणून हिने हुकूम काढला होता, वह्या रद्दीत. मी 'दिल्या' म्हणून सांगितले आणि पोत्यात घालून डिकीत लपवल्या. झाकण आपटले तर हिला ऐकू जाईल म्हणून अलगद टेकवून ठेवले. हे सगळे तीन आठवड्यांपूर्वी. (हो, तीनच. आता माझ्याही लक्षात आले.)

ठिणगीने झाकणाखाली बोट घातले. दोन बोटांची फट! डिकी नीट बसलीच नव्हती, म्हणून आतला दिवा रात्रंदिवस जळत होता. शॉर्ट नाही, कुजलेली वायर नाही, काही नाही. माझ्या कवितांना तीन आठवडे अखंड दिवा होता, एवढेच! तेवढ्यात ही चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. "काय सापडलं?" ठिणगीने पोत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि झाकण धाडकन लावून म्हणाला, "काही नाही आजी. जुना माल आहे, जरा जोरात बंद करावा लागतो."

"ते तर मी चाळीस वर्षं करतेय," ही म्हणाली आणि कप देऊन आत गेली.

आज सकाळी चिरंजीवांनी किल्ली फिरवली. पुढचे तुला सांगितलेच. भंगारवाल्याने टाळी वाजवली, आक्का!

भाच्यांना आशीर्वाद. तू गुडघा शेकत जा.

तुझा धाकटा

ता.क. एक विसरलो. ठिणगीने बजावले आहे की डिकी रिकामी करा. घरात वह्या आणता येत नाहीत. तुझ्या कपाटाचा खालचा खण रिकामा असतो. मी पुढच्या रविवारी येतोच आहे, गाडी घेऊन. पोते जड आहे, पण ओरडत नाही.

ता.क. २. आत्ता पोते चाळताना नवव्या वहीत ती कविता मूळ सापडली. बाजूला पेन्सिलने भाऊजींचे अक्षर आहे. 'सातवा-आठवा उलटा झालाय. पण म्हणायला गोड लागतं. राहू दे.' म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होते! तेव्हा या भानगडीत निम्मा वाटा तुमच्या घरचा आहे, आणि खण द्यायला तुला नाही म्हणता येणार नाही.

ता.क. ३. भोंगा जोडला. तीन स्क्रू उरले आणि आवाज गेला. तेव्हा रविवारी फाटकाशी येऊन मी तोंडानेच दोनदा हाक मारीन. तू मात्र नेहमीसारखी बाहेर ये.