बंद ओठांचा वर्ग

३ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सल्ला हवाय, तोही लगेच. आमच्या वर्गाने नव्या विज्ञानाच्या बाईंना पळवून लावायचं ठरवलंय. त्या फळ्याकडे वळल्या की सगळ्यांनी ओठ मिटून गुणगुणायचं. तोंड हलत नाही, त्यामुळे कोण ते कळत नाही. काल बाई रडायच्या बेतात होत्या. मला राहवेना. उभी राहून वर्गाला पुरे करा म्हणाले. बाई वळल्या, तर उभी मी एकटीच! त्यांनी मलाच बाहेर काढलं.

मुख्याध्यापिका म्हणतात, शनिवारी वर्गासमोर माफी माग, नाहीतर नाव कमी करू. बाबा म्हणतात, माग आणि मोकळी हो. माझ्याशी कुणी बोलत नाही, फक्त पहिल्या बाकावरची माझी शेजारीण खारूताई चोरून बोलते. आपण कधीच गुणगुणलो नाही, असं तिने शपथेवर सांगितलंय.

या भांडखोर भाचीवर लोभ असू दे.
तुझी ठमा

६ ऑगस्ट

चि. ठमाबाईंस अनेक आशीर्वाद.

गिऱ्हाइकाचं माप घेता घेता पत्र फोडलं आणि टेप तिच्या कमरेभोवतीच राहिली. अगं, करायला गेलीस काय आणि झालं काय! भांडण म्हटलं की तुझा बाबा पळ काढतो, पण या वेळी माझंही मत तेच. दहावीचं वर्ष आहे. तोंडदेखले दोन शब्द बोलून टाक. रागाच्या भरात जेवण मात्र टाकू नकोस.

माया आहेच, पत्र लवकर धाड.
तुझी आत्या

१० ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

माझं नाव कमी होत नाही, हे आधी सांगते.

तुझं ऐकायचं ठरवूनच गेले होते. फळ्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं आणि वर्ग गुणगुणायला लागला. मुख्याध्यापिका दारात उभ्या असताना! मग माफी मागणार नाही, असं सांगून टाकलं. बाईंना म्हटलं, गुणगुणणाऱ्याचा गळा थरथरतो, माझ्या गळ्यावर बोटं ठेवून बघा. त्यांनी ठेवली. माझा शांत होता. बाई पहिल्या बाकाकडे वळल्या, तशी मागची पोरं एकेक करून गप्प झाली. खारूताईने आपणहून हनुवटी वर केली. बाईंनी बोटं ठेवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली.

आत्या, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सगळा वर्ग थांबला होता, तरी ती एकटी गुणगुणतच होती. तिला थांबताच येत नव्हतं.

लोभाचं आज काही लिहवत नाही.
ठमा