शिशाची भट्टी

६ जाने., मंगळवार
डोकं ठणकतंय, तरी आज लिहायचंच. कळमन्यापलीकडच्या अंगणवाडीच्या मीराताईंची आमच्या प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात तिसरी तक्रार. "मॅडम, पोरं पोट धरून लोळून राहिले. तुम्ही कागद नेता, धूर तसाच राहते." म्हणून गेले. सोबत फक्त आमचे ड्रायव्हर गणवीर. तिथल्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. परवाना नाही, ॲसिड सरळ नाल्यात. पाण्याची बाटली भरत होते, मागून चौघं आले. वळून पाहिलं तोच पुढच्यानं वेणी धरून तोंड नाल्यात दाबलं. "पाणी तपासाले आली नं? घे, पिऊन पाह्य." नाकाडोळ्यांत आग. मेले असंच वाटलं. गणवीर मधे पडले. त्यांच्या कोपरावर रॉड बसला. तो आवाज... नको.
त्यांनी बाटल्या फोडल्या. मातीच्या नमुन्याची पिशवी तेवढी माझ्या मुठीत राहिली.

८ जाने., गुरुवार
डोळे सुजलेत, नजर शाबूत. गणवीरांच्या हातात प्लेट टाकली. त्यांची बायको म्हणाली, "ताई, ह्यायचा हात गेला तं गाडी कोण चालवन?"
साहेबांचं वेगळंच. "पोलिसांत दिलंय ना? अहवालात मातीचंच लिहा. मारहाण आली की प्रकरण भलतीकडे जातं." मी दोन्ही लिहिलं.

१३ जाने., मंगळवार
मातीत शिसं निघालं, भरपूर. शेड बंद करायचा आदेश झाला. आज बंदोबस्तात गेलो, वीज तोडली. मालक आधीच फरार. जेसीबीनं भट्टी पाडली तशा तिथं कामाला असलेली बायामाणसं दगड घेऊन धावली. "आमच्या पोटावर काहून पाय देतं वं?" एका शिपायाचं कपाळ फुटलं. मग लाठ्या. एक म्हातारी पडली, लोक तिच्यावरूनच पळाले. मी ओरडत होते, थांबा, थांबा.
तेवढ्यात तो दिसला. माझी वेणी धरणारा. खाली पडलेला, तिघं पोलीस मारत होते, रक्त डोळ्यांत उतरलेलं. तेव्हा मी गप्प झाले.
बरं वाटलं. कुणाला सांगणार नाही. पळापळीत तो निसटला.

१६ जाने., शुक्रवार
अंगणवाडीत पोरांचं रक्त घेतलं. आरोग्य खात्याची दोन माणसं, अन् नावं लिहायला मी. ओळीत तो. डोक्याला पट्टी, कडेवर चारेक वर्षांची पोरगी. मला पाहून थबकला. मी वहीत मान घालून पोरीचं नाव विचारलं.
"हिचंही घ्या. परी नाव हाय."
पोरगी रडली नाही, सुई टोचली तरी नुसती पाहत राहिली. मीराताई नंतर म्हणाल्या, "पह्यले लय बोलत होती. बाप कामावरून आला का गळ्यातच पडे, त्याच्या कपड्यायवरची सारी धूळ हिच्या पोटात."

१९ जाने., सोमवार
सगळ्यांत वाईट रिपोर्ट परीचा. सकाळी झटका आला, हॉस्पिटलात भरती. डॉक्टर म्हणाले, शिसं काढायच्या सुया आजपासून ओळीनं पाच दिवस, खंड नको. आई नाही तिला. तोच बसलाय उशाशी.

२१ जाने., बुधवार
हवालदाराचा फोन. "उद्या अकराला या मॅडम, संशयितांचे फोटो दाखवतो. तुम्ही ओळखलं की लगेच उचलतो."
गणवीरांकडे गेले. म्हणाले, "माह्यावर तं मागून वार झाला, मी कोणाले पाह्यलं नाही. तुम्हीच पाह्यलं." मग प्लास्टरचा हात पुढे केला. "जाच्या आधी हे पाहून घ्या."
तिथून वॉर्डात. का गेले, कळत नाही. तो उठून उभा राहिला. माफी मागितली नाही. पोरीच्या अंगावरची चादर नीट केली अन् हळूच म्हणाला, "मॅडम, शेवटची सुई शुक्रवारी हाय. मले शनिवारी धरलं तं चालन का?"
निघून आले.
उद्या गुरुवार.