ओलाव्याचा आकडा

यवतमाळ
१४ डिसेंबर २००५

प्रिय संघदीपदादा,

सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू सोमवारी पुण्यात, तुमच्या कंपनीत रुजू व्हायचं विचारलंस आणि मी "ऐकू येत नाही" म्हणून फोन ठेवला. ऐकू येत होतं.

आई बरी आहे. भारनियमन तसंच. ऑफिसात सगळा प्रोग्राम नव्यानं बिल्ड करायला घेतला की मध्येच लाइट जाते, म्हणून मी ते टूल लिहिलं होतं. जावा भाषेतल्या आमच्या प्रोग्रामची कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे ते शोधायचं. एक बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या तेवढ्याच पुन्हा कंपाइल करायच्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायच्या. तुला किती कौतुकानं सांगितलं होतं!

आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या राळेगावच्या एका जिनिंगनं, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यानं, कापसातल्या ओलाव्याची मर्यादा वाढवली. मी आकडा बदलला. पण असा कायमचा आकडा जिथं वापरलाय त्या फाइलीत जावा कंपाइल करतानाच उतरवून टाकते. तो कुठून आला याचा मागमूस राहत नाही. टूलला ते नातं दिसलंच नाही, म्हणून ती फाइल पुन्हा कंपाइल झाली नाही. जिनिंगच्या वजनकाट्यावरचा प्रोग्राम जुन्याच आकड्यानं कापसाच्या गाड्या परत पाठवत राहिला.

प्रोग्राम देण्याआधी मी ऑफिसातल्या साहेबांना म्हटलं होतं, एकदा सगळं नव्यानं बिल्ड करू. "कायले? उद्या द्यायचं हाये," म्हणाले.

परत गेलेल्यांत आपले बाबा होते. मी घरी गेले तर अंगणात कापूस पसरून उलथत बसलेले.

"बाबा, घेतील एवढा कोरडा आहे हा."

"नाई बाई. मशीन कायले खोटं बोलन? ओलाच असंन."

मी तशीच जिनिंगवर गेले आणि तिथल्या मॅनेजरना, बाबुलालजींना, सगळं सांगितलं. साहेबांना न विचारता. त्यांनी गाड्या परत बोलावल्या, बाबांचाही कापूस घेतला. का, ते बाबांना अजून ठाऊक नाही.

आता साहेब म्हणतात, "चूक तुई एकटीची होती, असं लिहून दे. मंग घेऊन जा तुये कागद." माझ्या डिग्रीचे मूळ कागद नोकरीला लागले तेव्हापासून त्यांच्या कपाटात आहेत. हे तुला कधी सांगितलं नाही. लिहून दिलं तर पुण्यात कोण घेईल? आणि कागदांशिवाय तरी कोण घेईल?

रोज जाते, त्याच टेबलावर बसते. टूल दुरुस्त केलं. आता असा आकडा बदलला की सगळंच पुन्हा कंपाइल होतं. साहेब खूश झाले, आणि कपाटाला कुलूप लावून जेवायला गेले.

सोमवारी मी येत नाही, दादा. माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नकोस. पण लिहून मी देणार नाही.

तुझी, अजून यवतमाळातच असलेली,
दीपमाला